अरुबाच्या किनाऱ्यावर सहा माणसांचं आठवडाभराचं जेवण: किती डॉलर बाजूला काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलमधल्या शाळेच्या सुट्टीत न्यू जर्सीहून सात रात्रींसाठी अरुबाला, म्हणजे कॅरिबियनमधल्या बेटावर, जायचंय. नवरा-बायको, ९ आणि ५ वर्षांची दोन मुलं, आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाई पूर्ण शाकाहारी, संकष्टी न चुकवणाऱ्या, सासऱ्यांना मधुमेह. तिकिटं काढून झाली, हॉटेल ठरायचंय, पण जेवणाचा आकडा काही केल्या जुळत नाही. कोणी म्हणतं ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे खोलीच्या दरातच सगळं खाणंपिणं धरलेलं, घ्या आणि मोकळे व्हा, कोणी म्हणतं बाहेर खा, स्वस्त पडेल.

न्यू जर्सीतल्या एडिसनला बसून कुटुंबांच्या सहली आखून देणं हे माझं चौदा वर्षांचं काम. त्यात अरुबा सगळ्यात जास्त वेळा येतं, आणि मी स्वतः घरच्यांना घेऊन पाच-सहा वेळा जाऊन आले आहे. पहिल्या खेपेला मीच आपटले होते, तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

अरुबाच्या पाम बीचवरच्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही पाच रात्री होतो. रात्रीच्या जेवणाचा हिशेब मी चोख ठेवला होता: कुठल्या दिवशी कुठे जायचं, साधारण किती लागेल, सगळं वहीत लिहून. निघायच्या सकाळी बिल हातात आलं तेव्हा रात्रीची जेवणं अंदाजाच्या आतच होती. फुगले होते ते पूलच्या काठावरचे आकडे. लेकीने खोलीचा नंबर सांगून बिनदारूचे पिन्या कोलाडा मागवले होते, एकूण अकरा. शिवाय फ्राइज, दुपारचे बर्गर, खोलीतल्या टेबलावर "तुमच्यासाठी" म्हणून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या. हॉटेलची काही चूक नव्हती, दर सगळे छापलेले होते. आपल्या मनात "जेवणाचा खर्च" म्हणजे रात्रीचं जेवण असतं, आणि पैसे जातात दुपारी बारा ते चारच्या दरम्यान, ओल्या टॉवेलवर बसून.

त्यामुळे मी आता बजेट रेस्टॉरंटवार करत नाही, खाण्याच्या वेळांप्रमाणे करते. सात रात्री म्हणजे सात नाश्ते, सात दुपारची जेवणं, सात रात्रीची जेवणं, सात वेळा "आई, भूक लागली", आणि जाता-येता विमानतळावरचं खाणं. प्रत्येक खणात आधी आकडा भरायचा, मग हॉटेल निवडायचं. बहुतेक जण उलट करतात.

आधी ऑल-इन्क्लुझिव्ह. अरुबात त्याचे पर्याय मोजकेच आहेत. रिऊ पॅलेस, बार्सेलो आणि दिवी-तामारिन ही ठळक नावं. बेटाची घडण मुळात बाहेर पडून खाण्याची आहे. समजा, जेवणाखाण्यासाठी माणशी जादा दर मोठ्यांना दिवसाला १२० डॉलर आणि मुलांना ६० पडतो. हे दर मी उदाहरणादाखल धरलेत, तुमच्या तारखांचा खरा फरक काढून तिथे घाला. चार मोठे, दोन मुलं, सात दिवस: ३३६० अधिक ८४०, म्हणजे ४२०० डॉलर.

आता हेच सहा जण साध्या रिसॉर्टात राहिले आणि सगळं तिथल्या तिथे खाल्लं तर? नाश्त्याचा बुफे मोठ्यांना ३० आणि मुलांना १५ धरला तर १५०, त्यावर १५ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे रोजचे सुमारे १७५. दुपारी सरासरी माणशी २० धरून चार्जसकट १४०. रात्री २४०. पाणी, कॉफी, आइस्क्रीम, सरबतं यांचे ५०. दिवसाचे झाले ६०५, आठवड्याचे ४२३५. म्हणजे जवळजवळ बरोबरीच. रिसॉर्टातून पाय बाहेर काढायचा नसेल तर ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या, निदान मुलांनी मागितलेल्या प्रत्येक आइस्क्रीमला तुमच्या कपाळावर आठी पडणार नाही.

पण त्या ४२०० मध्ये काय बसलेलं असतं ते बघा. त्या दरात दारू धरलेली असते, लॉबस्टर नसला तरी मांस-मासळी धरलेली असते. तुमच्या सासूबाई त्यातलं काही घेणार नाहीत. सासरे फळांच्या रसाच्या यंत्राकडे बघून मान फिरवणार. पाच वर्षांचा मुलगा पास्ता आणि टरबूज खाऊन आठवडा काढेल. म्हणजे सहापैकी तीन माणसं आपापला पूर्ण दर भरून अर्ध्या ताटावर. आणि एका खोलीतल्या दोघांनी घ्यायचं, दोघांनी नाही, असं सहसा चालत नाही. तुम्ही दोघं वाइन-बिअर घेणारे असाल तर गणित थोडं सरकतं: दिवसाला माणशी चार पेयं, एका पेयाचे चार्जसकट १६ डॉलर, दोघांचे आठवड्याचे ९०० च्या आसपास. ते पुढच्या हिशेबात मिळवा आणि मगच तुलना करा.

मी तुमच्यासाठी सुचवीन ती तिसरी वाट: ईगल बीचकडच्या कमी उंचीच्या इमारतींमध्ये स्वयंपाकघर असलेली जागा. पाम बीचवर उंच हॉटेलं आहेत, ईगल बीचला बुटकी, आणि त्यांतली बरीच टाइमशेअरची, म्हणजे लोकांनी वर्षातले ठरावीक आठवडे विकत घेतलेली. टाइमशेअरवाले आपले आठवडे भाड्याने देतात. "किचनेट" हा शब्द वाचून मात्र हुरळून जाऊ नका. काही ठिकाणी त्याचा अर्थ एक छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि चार कप एवढाच असतो. स्पष्ट विचारा: शेगडी आहे का, किती बर्नर, भांडी कोणती, फ्रिज पूर्ण उंचीचा आहे का. खोलीचा फोटो मागवा. भाड्यातला फरकही या हिशेबात धरायचा, नाहीतर तुलना लंगडी पडते.

किराणा घ्यायला सुपर फूड प्लाझा आणि लिंग अँड सन्स ही दोन मोठी दुकानं आहेत, दोन्ही अमेरिकन सुपरमार्केटच्या तोडीची. बेट नेदरलँड्सच्या राज्यातलं असल्याने डच मालाची रेलचेल असते: गौडा चीज, दही, बिस्किटं, आणि ब्रेडवर लोण्यावर भुरभुरायचे चॉकलेटचे दाणे, ज्यांना डच लोक हॅगलस्लाख म्हणतात. मुलांच्या नाश्त्याचा प्रश्न या एका डब्यावर सुटतो. तांदूळ, मसूर, छोले, बटाटे, रताळी, केळी सगळं मिळतं. बेटावर जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे दर न्यू जर्सीपेक्षा चढे असतील हे धरून चाला. पहिल्या दिवशी ३२० आणि मधल्या दिवशी १३०, असे ४५० डॉलर मी सहा जणांसाठी किराण्याला ठेवते. विमानतळावरून येतानाच दुकानात थांबलात तर एक टॅक्सी वाचते.

पाणी विकत घेऊ नका. अरुबाचं नळाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून बनवलेलं आहे आणि अतिशय चांगलं लागतं. हे पाणी बालाशीच्या कारखान्यातून येतं, म्हणून तिथली माणसं नळाच्या ग्लासभर पाण्याला थट्टेने "बालाशी कॉकटेल" म्हणतात. रेस्टॉरंटमध्ये तेच मागा. सहा माणसं, ऊन, दिवसाला दहा-बारा बाटल्या, या रकमेत एका रात्रीचं जेवण होतं. घरून प्रत्येकाची बाटली न्या.

घरून आणखी काय? सासूबाईंसाठी साबुदाणा, दाण्याचं कूट, राजगिऱ्याच्या वड्या; सासऱ्यांसाठी भाजणी किंवा नाचणीचं पीठ; सगळ्यांसाठी उपमा-पोह्यांची तयार पाकिटं, मेतकूट, एखादी कोरडी चटणी, गोडा मसाला. बंद, छापील लेबलवाली पाकिटं असली तर कस्टम्सवर बोलणं सोपं जातं. पुण्याहून आणलेल्या पिशवीतलं बिननावाचं पिवळं पीठ समजावून सांगायला वेळ लागतो, आणि मागे रांग असते. अरुबात वीज १२७ व्होल्टची आणि प्लग अमेरिकेसारखे. तुमचा न्यू जर्सीतला छोटा राइस कुकर तिथे चालतो. सासूबाईंनी भारतातून आणलेली किटली मात्र पाणी उकळायला फारच वेळ लावते.

इथे एक बोलायलाच हवं. मी "खोलीत खिचडी" असं लिहिलं की हिशेबात शून्य डॉलर पडतात, पण ती खिचडी लावतं कोण? सुट्टीला येऊन घरातली बाई पुन्हा ओट्याशी उभी राहणार असेल आणि बाकीचे सूर्यास्त बघणार असतील, तर तुम्ही पैसे वाचवलेले नाहीत, तिच्या सुट्टीतून कापून घेतलेत. मी आखलेल्या दोन-तीन सहली नेमक्या याच कारणाने कडवट झाल्या. आमच्याकडे नियम आहे: खोलीतलं रात्रीचं जेवण आठवड्यात दोनदाच, ते नवरा करतो, आणि भांडी मुलं घासतात. हे निघायच्या आधी, न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात बसून ठरवा. तुमच्याकडे हे जमणार नसेल तर स्वयंपाकघराची जागा घेऊ नका, सरळ जास्तीचे पैसे भरा.

मी करते तो आराखडा असा. नाश्ते सहा खोलीत, एक बुफे, शक्यतो मधल्या दिवशी आणि उशिरा, म्हणजे दुपारचं जेवण हलकं होतं: १७५ डॉलर. दुपारची जेवणं सात: तीन खोलीत, सँडविच, दहीभात, फळं, दोन पूलवर, कारण मुलांना तेवढी मजा हवीच, प्रत्येकी ११०, दोन स्थानिक ठिकाणी, प्रत्येकी ९०. एकूण ४००. रात्री: पहिल्या दिवशी थकलेले असता, पिझ्झा, ९०, तीन साधी रेस्टॉरंटं, २४० प्रमाणे ७२०, एक वाळूत पाय ठेवून खायचं खास जेवण, ३५०, दोन वेळा खिचडी. झाले ११६०. आइस्क्रीम-कॉफीचे रोजचे ३०, म्हणजे २१०. खाण्यासाठीच्या टॅक्सी १००. किराणा ४५०. बेरीज २४९५, वर दहा टक्के सुटे ठेवले की साधारण २७५०. ऑल-इन्क्लुझिव्हच्या ४२०० शी ताडून बघा. दारूचे ९०० मिळवले तरी आकडा खालीच राहतो.

टॅक्सीबद्दल: अरुबात टॅक्सीला मीटर नसतो, सरकारने ठरवलेले दर असतात, त्यामुळे बसायच्या आधी विचारता येतं. पंधरा डॉलर वाचवायला वीस डॉलरची टॅक्सी करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. हॉटेलांच्या पट्ट्यातून ओरान्येस्टाडला, म्हणजे राजधानीला, अरुबस नावाची सरकारी बस जाते, तिने गेलात तर दुपार स्वस्तात पडते. सहा माणसांना मी दोन-तीन दिवस गाडीच भाड्याने घ्यायला सांगते, आणि ते दिवस किराणा आणि लांबची जेवणं यांच्याशी जुळवते.

लांबचं म्हणजे मुख्यतः सावानेटा हे मासेमारीचं गाव. तिथे झीरोव्हर्स म्हणून धक्क्यावरचं ठिकाण आहे. मासे वजनावर मिळतात, समोर तळून टोपलीत येतात, सोबत फ्राइज, तळलेली केळी, आणि पान बाती, म्हणजे तिथली जाडसर पोळी. तुम्ही चौघं मासे खाणारे असाल तर पैसा वसूल. सासूबाईंना मात्र तिथे फ्राइज आणि समुद्राचा वारा यावर भागवावं लागेल, तेव्हा त्यांचा डबा घेऊन जा. त्यांच्यासाठी चांगला खाऊ म्हणजे चीजची पास्तेची. आपल्या करंजीच्या आकाराचं, तळलेलं, आत वितळलेलं गौडा. सकाळी छोट्या दुकानांत काही फ्लोरिनला (हे अरुबाचं चलन) मिळते. "सिन कार्नि", म्हणजे मांसाशिवाय, असं पापियामेंतोत, म्हणजे तिथल्या भाषेत, म्हटलं की समोरचा हसतो आणि लक्ष देतो, इंग्रजी तर सगळ्यांना येतंच. तेल मात्र एकच असतं, ज्यात मांसाच्या पास्तेचीही तळल्या जातात. हे सासूबाईंना चालतं का, ते आधी विचारून घ्या. फुंची म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, तो चालेल. सूप मात्र भाज्यांचं असलं तरी चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. "मांस नको" म्हटल्यावर मासळी पुढे येते, कारण मासळी म्हणजे मांस नव्हे असा तिथे समज आहे. मांस, कोंबडी, मासे, तिन्ही नावं घ्या.

संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास बऱ्याच रेस्टॉरंटांत लवकर येणाऱ्यांसाठी कमी दराचं जेवण असतं. सासऱ्यांच्या औषधाची वेळ आणि पाच वर्षांच्या मुलाची झोप, दोन्हींना ही वेळ सोयीची. एप्रिलमध्ये सूर्य पावणेसातच्या आसपास बुडतो, म्हणजे जेवून किनाऱ्यावर परत पोहोचता. गर्दीचा हंगाम असल्याने खास जेवणाचं टेबल निघण्याआधीच नोंदवा. "मुलं फुकट" अशा पाट्याही दिसतील. बहुतेक ठिकाणी एका मोठ्या माणसाच्या पूर्ण ताटामागे एक मूल, मुलांच्याच मेन्यूमधून, ठरावीक वेळेत. अटी वाचून बसा.

बिल नीट बघा. अरुबात १० ते १५ टक्के सर्व्हिस चार्ज बऱ्याचदा आधीच लावलेला असतो, आणि खाली टिपसाठी रिकामी रेघही असते. अमेरिकेच्या सवयीने आपण त्यावर आणखी वीस टक्के लिहून मोकळे होतो. चार्ज लागलेला असेल तर सेवा मनापासून आवडली तरच थोडं वर ठेवा, दोनदा पूर्ण टिप द्यायची गरज नाही. आणि चलन: अधिकृत दर १ डॉलरला १.७९ फ्लोरिन, दुकानदार व्यवहारात १.७५ च्या आसपास धरतात. पर्यटकांच्या रेस्टॉरंटांत मेन्यू डॉलरमध्ये असतो, गावातल्या दुकानांत फ्लोरिनमध्ये. पाटीवर नुसता आकडा असेल तर विचारा. माझ्या एका गिऱ्हाइकाने ९ चा आकडा बघून "नऊ डॉलरची करंजी?" म्हणत तोंड फिरवलं होतं, ती पाच डॉलरला होती.

बेट बदलायचा विचार असेल तर मेन्यूवरच्या आकड्याला भुलू नका. डॉमिनिकन प्रजासत्ताकात, म्हणजे पुन्ता कानात, रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के कर आणि १० टक्के सेवा लागते, म्हणजे १०० चे १२८. टर्क्स अँड केकॉसमध्ये १२ टक्के कर आणि वर सेवा. केमन बेटांचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग, १ ला १.२० अमेरिकन, आणि मेन्यूवर नुसतं "डॉलर" लिहिलेलं असतं. बार्बाडोसमध्ये उलट, त्यांचे २ म्हणजे आपला १, त्यामुळे आधी छातीत धस्स होतं आणि मग बरं वाटतं. पुन्ता कानात तर मी तुम्हाला ऑल-इन्क्लुझिव्हच घ्यायला सांगितलं असतं, कारण तिथली बहुतेक रिसॉर्टं त्यासाठीच बांधलेली आहेत आणि चालत बाहेर पडून खाण्याजोगं फार थोडं आहे. बार्बाडोस किंवा त्रिनिदादला गेलात तर सासूबाईंची चंगळ. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून मजूर म्हणून त्रिनिदादला नेलेल्या लोकांनी रोटी तिकडे रुजवली. बटाटा-छोले भरून गुंडाळलेली रोटी हे तिथे रोजचं दुपारचं खाणं आहे, आणि बार्बाडोसमध्येही सहज मिळतं.

शेवटी परतीचा दिवस, जो सगळे विसरतात. खोली दुपारी सोडायची असते, ऑल-इन्क्लुझिव्हचा मनगटी पट्टाही साधारण तेव्हाच संपतो. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अरुबाच्या विमानतळावरच उरकतात, त्यामुळे तीन तास आधी पोहोचावं लागतं आणि जेवण तिथेच होतं. जातानाचं आणि येतानाचं मिळून दोनशे डॉलर वेगळे ठेवा. हे दोन्ही पर्यायांत लागतातच, म्हणून वरच्या तुलनेत मी ते धरले नाहीत. आदल्या रात्री फ्रिज रिकामा करा. उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करून डब्यात भरा आणि तपासणीच्या रांगेत शिरण्याआधीच संपवा. केळी, सफरचंदं, आंबे बॅगेत राहू देऊ नका, अमेरिकेत ताजी फळं नेता येत नाहीत. हॉटेलचं बिल मात्र शेवटच्या सकाळची वाट न बघता आदल्या संध्याकाळीच मागवा, मुलांना शेजारी बसवा, आणि एकेक ओळ वाचा.